सात रेघांचा पुठ्ठा

ड्रॉवर आवरताना जर्मनीतल्या कोलोनच्या बिअरहॉलमधला, ग्लासाखाली ठेवतात तो गोल पुठ्ठा हाती आला, त्यावर पेन्सिलीच्या सात रेघा. आईबाबांना शहर दाखवायला नेलं होतं. बाबांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली होती. "इथली बिअर म्हणजे सरबत. एकच घ्या," मीच म्हणालो. आईने बटाट्याच्या धिरड्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. तिथे ग्लास संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्यावर रेघ ओढतो. नको असेल तर पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा. हे सांगायच्या आत ऑफिसचा फोन आला आणि मी बाहेर गेलो. परतलो तेव्हा बाबा सातवा संपवत होते. "तो आणून देतोय, नाही कसं म्हणायचं?" मी पुठ्ठा ग्लासवर ठेवला. गावी परतल्यावर मात्र त्यांचं पिणं थांबलं नाही. दोन वर्षांत गेले. आई अजून रोज फोन करते आणि जेवलास का, एवढंच विचारते.