निम्मा भात

मंडळी, दुपारचं जेवण आज घशाखाली उतरलं नाही, म्हणून लिहितोय.

माझा मुलगा चाळिशीचा. महाडच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "वजन असंच वाढलं तर हृदय साथ देणार नाही. भात निम्मा करा. तासातासाला खुर्चीवरून उठा. रोज चाला."

घरी, आमच्या कापडे गावाला आलो. त्याच्या आईनं सवयीनं ताटात भाताचा डोंगर वाढला. त्यानं निम्मा परत केला.

"एवढ्यानं काय होतंय रे? मरशील असा!"

"आई, मी नांगर नाय धरत गो. खुर्चीत बसतो."

ती डोळे पुसत आत गेली. लहानपणी अर्धपोटी झोपलेली बाई ती. लावणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्यांचा भात आम्ही खुर्चीवरच्या लेकाला वाढत राहिलो. बसून खाण्याची नोकरी लागू दे, हा आशीर्वादही माझाच.

उन्हं कलल्यावर त्याला गावाबाहेरच्या चढावर चालायला नेलं. शाळेत जाताना आम्ही पोरं हा चढ एक कविता म्हणत चढायचो, पाऊल पडेल त्या ठेक्यात. आज तीच म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्यालाच तो घामाघूम होऊन दगडावर बसला.

"तुम्ही म्हणा बाबा, मी ऐकतो."

मला पुढची ओळ आठवेना.

उद्या पुन्हा नेईन त्याला. पण भुकेत वाढलेल्या आईला लेकाचं ताट निम्मं रिकामं कसं बघायला लावू? तुमच्या घरी आईला हे कुणी समजावून सांगितलं, आणि कसं?