बाईंना पाय कसा लावायचा

दहावीच्या एका जुन्या बॅचने गेट-टुगेदरला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं: शाल, श्रीफळ आणि खुर्ची. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काय देणार? माझ्या कपाटात शालींची थप्पी लागली आहे. दिवेआगरच्या उकाड्यात त्या कधी पांघरायच्या, हे सत्कार करणाऱ्यांनी एकदा येऊन दाखवावं.

पण या वेळी कार्यक्रम कोलाडला नदीकाठी होता. बॅचचा म्होरक्या आता न्हावा शेवाच्या बंदरात नोकरीला आहे. वर्गात तो मागच्या बाकावरून शिट्ट्या मारायचा. फोनवर तो म्हणाला की सकाळी सत्कार होईल, मग मुलं नदीत हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर बसून वाहत जातील. चाळिशी उलटली तरी हे स्वतःला मुलंच म्हणवतात. आणि बाईंनी झाडाखाली निवांत बसायचं, त्यांच्यासाठी खास खुर्ची सांगितली आहे. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तडक शिंपिणीकडे जाऊन आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवायला टाकला.

कारण सांगते. मी एकटी राहते. लग्न केलं नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नोकरी होती तोवर दिवसभर पोरांचा गलका असायचा, घरी आलं की शांतता हवीशी वाटायची. आता शांतताच शांतता. चक्रीवादळात शेजारच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, त्यानंतर शेजारीण मुलाकडे पनवेलला गेली ती गेलीच. रस्त्यात भेटणारे वाकून नमस्कार करतात, बऱ्या आहात ना विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघतात. कधी कधी दिवेलागणीला लक्षात येतं की आज आपला आवाज आपणसुद्धा ऐकला नाही. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. एक दिवस, एकच दिवस, त्यांच्यातली एक होऊन पाण्यात उतरायचं होतं.

सत्कार झाला. मी किती कडक होते आणि कोणाचे कान कसे पिळले, यावर भाषणं झाली, सगळे हसले. मग ते लाइफ जॅकेट चढवायला लागले आणि मी पिशवी घेऊन तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत गेले. पंजाबी ड्रेस घालून बाहेर आले, तर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. म्होरक्या म्हणाला, बाई, तुम्ही कशाला त्रास घेता. त्रास मला होणार आहे की तुला, असं विचारल्यावर तो माझ्यासाठी जॅकेट शोधायला लागला. गाइड जवळच्याच गावचा, पंचविशीतला. त्याने छातीचा वगैरे त्रास न्हाय ना, एवढं विचारलं आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवलं.

वरच्या धरणातून सकाळी पाणी सोडतात, तेव्हा नदी चांगली भरून वाहते. गाइडने आम्हाला गाडी करायला शिकवली. एकामागे एक ट्यूब लावायच्या, मागच्याने आपले दोन्ही पाय पुढच्याच्या काखांतून पुढे टाकायचे आणि पुढच्याने ते घट्ट धरून ठेवायचे. म्हणजे अख्खी रांग एकमेकांना धरून वाहत जाते.

माझ्या पुढे वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी होती, आता पेणला दवाखाना चालवते. तिने माझे पाय आनंदाने धरले. बाईंचे पाय कोण धरणार यावरून तर तिथे भांडणच जुंपलं होतं. पण माझ्या मागे यायला कोणी तयार होईना. बाईंना पाय कसा लावायचा? जो तो पुढे सरकला आणि मी शेवटची राहिले. मागे फक्त नदी.

तरी मजा आली, खोटं कशाला बोलू. पाणी गार होतं, दोन्ही काठांना गर्द झाडी होती आणि पुढे मुलं शाळेतल्यासारख्याच आचरट आरोळ्या देत होती. मीही एक दिली. मग खडकांमधला उतार आला. पाणी फेसाळलं, रांगेचं शेपूट गर्रकन बाजूला फेकलं गेलं, माझे ओले पाय डॉक्टरीणबाईंच्या हातांतून सटकले आणि मी एकटीच गोल फिरत काठाजवळच्या संथ पाण्यात जाऊन अडकले.

बाकीची गाडी हसत-खिदळत वळणापलीकडे गेली. त्यांच्या आरडाओरड्यात माझी हाक कुठली ऐकू जायला! आवाज लांब जात जात थांबला. मग पाण्याचा आवाज आणि मी. इथवर येऊनही शेवटी हेच का, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. हेल्मेट घालून, ट्यूबमध्ये बसून, नव्या पंजाबी ड्रेसमध्ये मी ढसाढसा रडले.

गाइड त्याच्या लहान होडीतून वल्ही मारत आला, तेव्हा मी तोंडावर पाणी मारून घेतलं. त्याने माझ्या ट्यूबला दोरी अडकवली. ट्यूब ओढत मला वळणापलीकडे नेलं. तिथे सगळे फांद्यांना धरून थांबले होते, चेहरे पडलेले. डॉक्टरीण तर रडवेली झाली होती. गाइड म्हणाला, शेवटाला हलकं माणूस ठेवायचं न्हाय, बाईंना मधी घ्या.

कोणी हललं नाही. म्होरक्या म्हणाला, त्यापेक्षा मी बाजूने पोहत बाईंची ट्यूब धरतो. इतका वेळ गिळलेला राग आता आवरेना.

"सत्कार पुरे झाला माझा," मी म्हटलं. "मला कोणीतरी धरायला हवंय. ये मागे आणि पाय टाक."

वर्गातला आवाज होता, तो चाळिशीतही लागू पडला. म्होरक्या मागे आला. आधी त्याने सँडल काढून मांडीवर घेतल्या. मग पाण्यातच बसलेला तो बाबा पाण्यातच पाय चोळून धुऊ लागला! माझ्या खांद्याला हात लावून त्याने तो कपाळाला लावला आणि मग एकेक पाय माझ्या काखेतून पुढे टाकला. भेगाळलेल्या टाचा, गार पडलेले, जड पाय. मी ते दोन्ही हातांनी कवटाळले. कोणाचं तरी वजन अंगावर येणं म्हणजे काय असतं, हे मी विसरूनच गेले होते.

आणखी एक उतार आला. गाडी गदागदा हलली, पण तुटली नाही. पुढे नदी पसरट झाली, ऊन लागायला लागलं. कोणीतरी शाळेची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि मधलं कडवं एकालाही आठवेना. मला ते येत होतं, पण मी म्हटलं नाही. मला तेव्हा बाई व्हायचं नव्हतं.

शेवटी ट्यूब तळाला टेकल्या. एकेकाने पाय सोडवून घेतले, ट्यूब खांद्यावर टाकली आणि सगळे काठ चढून चहाकडे निघाले. डॉक्टरीण माझे पाय हलकेच पाण्यात ठेवून उठली. गुडघाभर पाण्यात आम्ही दोघंच राहिलो. मागून म्होरक्याचा आवाज आला, अगदी हळू.

"बाई, सोडा आता. आलो आपण."

"थांब जरा," मी म्हटलं.

वरून चहाला हाका येत होत्या. कोणीतरी फोटो काढायला मोबाइल वर केला, त्याच्यावर मी डोळे वटारले. म्होरक्याने वर हात करून, तुम्ही घ्या, आम्ही येतो, असं सांगितलं. आणि त्याने पाय काढले नाहीत.