काठावरच्या अर्ध्या चांदण्या

त्या वर्षी मी मोरगावच्या गणपतीशी बोलणं टाकलं होतं. देव नाही असं कधी वाटलं नाही, पण त्याचं आमच्याकडं लक्ष आहे याची खात्री उरली नव्हती. आम्ही पाथरवट, माहेरी-सासरी दोन्हीकडं दगडच. जात्यांना टाकी लावत मी कऱ्हाटीपासून भवानीनगरपर्यंत गावोगाव हिंडलेली बाई, आणि माझ्या हातच्या जात्याला कुणी नाव ठेवल्याचं मला तरी आठवत नाही. आमचे मालक माझ्याहून सरस, ते नक्षीकाम करायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट. इंदापुरातल्या एका दर्ग्याच्या खिडकीची दगडी जाळी फांदी पडून फुटली, तिचा पार चुरा झाला. दर्ग्याची देखभाल बघणाऱ्या मुजावरचाचांना मालकांनी शब्द दिला, उरुसाच्या आत नवी बसवतो. वरची अर्धी जाळी कोरून झाली आणि मालकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

दवाखान्यातून आणल्यावर त्यांनी अन्नच सोडलं. घास ओठाशी नेला की तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं तर माणूस वाचेल, नाहीतर अवघड आहे. त्यांचा जीव त्या जाळीत अडकलाय हे मला दिसत होतं, म्हणून मी ठरवलं, उरलेली अर्धी आपण कोरायची. चाचांनी दर्ग्याच्या आवारातच खोली दिली. लिंबाखाली जाळीचा दगड आणि समोर मालकांची बाज. बाई जाती सोडून जाळी करायला निघाली म्हणून भावकी हसली. हसू दे, म्हटलं. माझ्या हातावर माझा भरवसा होता.

आणि त्या भरवशानंच घात केला असता. जात्याचं काम काठावर येऊन पुरं होतं. तिथं एकही रेघ अर्धवट राहिलेली मला खपत नाही. मालकांच्या नक्षीत मधल्या चांदण्या सहा टोकांच्या, पुऱ्या आणि देखण्या होत्या, पण काठाला लागून असलेल्या चांदण्या अर्ध्याच कापलेल्या. मी खालच्या काठापासून पुऱ्या चांदण्या आखत वर गेले, तर माझ्या रेघा त्यांच्या रेघांना मिळेनात, चांगलं दोन बोटांचं अंतर पडलं. मग माझ्या मनात आलं, लकवा काही एका दिवसात आला नसेल. हात आधीच चळायला लागला असेल आणि त्यातच काठ बिघडला असेल. फार वाईट वाटलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्या अर्ध्या चांदण्या छिलून काठ साफ करावा, म्हणून मी छिन्नी लावली. तशी मालकांनी डाव्या हातानं बाजेवर धाडधाड मारायला सुरुवात केली. घशातून नुसता आवाज काढत होते. मला राग आला. "लहान लेकरासारखं काय करताय," असं बोललेसुद्धा. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

"बाई, थांबा जरा," मागून कुणीतरी म्हणालं. एक म्हातारे गृहस्थ आवारातल्या नळावर पाणी प्यायला आले होते. विजापूरचे गवंडी, लेकीकडं पुण्याला निघालेले, आणि त्यांची एसटी हमरस्त्यावर बंद पडलेली. "कशापायी छिलताय?"

"काठाच्या चांदण्या अर्ध्या ऱ्हायल्यात. आजारानं हात चळलाय ह्यांचा."

त्यांनी वाकून जाळीवरनं बोट फिरवलं, खूप वेळ. मग म्हणाले, "हात चळल्याला न्हाय. असा हात मी लई दिसांनी बघतोय."

ते बरीच वर्षं आखाती देशांत मशिदींच्या कामावर होते. सांगू लागले, "माझ्या शेजारी मोरोक्कोचे कारागीर बसायचे. चिमटीत मावतील असले रंगीत तुकडे कापून हीच चांदणी जुळवायचे. इराणवाले तीच निळ्या फरशीत करायचे. तुर्कस्तानचे लाकडात, एक खिळा न मारता. आमच्या विजापुरात दगडात हाय. शेकडो वर्सं झाली ह्याला. एकाची बोली दुसऱ्याला कळायची न्हाय, पर दोरी हातात घेतली की समद्यांना कळायचं. आन् काठावर समदेच अर्धी सोडायचे."

"का पर?"

"नक्षी हितं संपत न्हाय, बाई. चौकट आली म्हणून दिसायची थांबती, एवढंच. अल्लाला शेवट न्हाय, मग त्याच्या दारातल्या नक्षीला कुठनं आसंल?"

मग त्यांनी खिळा आणि दोरी मागितली. काठ सोडून मधोमध खिळा धरला, एक वर्तुळ काढलं आणि तीच दोरी त्या वर्तुळावर सहा वेळा बसवून दाखवली. रेघा ओढल्या तशी मालकांच्या चांदणीला माझी चांदणी आपोआप जाऊन मिळाली. तेवढ्यात एसटी दुरुस्त झाल्याची हाक आली आणि ते चहाही न घेता गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

उरुसाच्या आदल्या दिवशी जाळी बसली. मालकांचं काम कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं, ते चाचांना हात फिरवूनही सापडलं नाही. त्या गवंडीबाबांना कुणी पाठवलं, मोरगावच्यानं की दर्ग्यातल्या बाबांनी, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मोरगावला मात्र जाऊन आले आणि गणपतीशी पुन्हा बोलायला लागले. बोलणं टाकायच्या आधी मी देवाला मदतीचा हात मागत होते आणि कामाला हात तर त्यानं मला आधीच दिले होते. माझ्या नजरेला जे अर्धं दिसतं, ते त्याच्या लेखी पुरं असू शकतं, एवढं मानायला मात्र मी तयार नव्हते. आता मानते. त्यानं जीव हलका होतो.

पण माझ्या लेखी कृपा झाली ती जाळी बसायच्याही आधी, गवंडीबाबा आले त्याच दुपारी. ते गेल्यावर मी बाजेपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "चुकले मी. तुमचा हात चळला नव्हता." मालकांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि भाकरी बांधलेल्या फडक्याकडं बोट केलं. मी दुधात भाकरी कुस्करली आणि घास ओठाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं नाही.