रिकाम्या हातांनी बेटावर

उसाच्या गाडीत बसून आम्ही चौघी बायका एकदा बेटावर सहलीला गेलो होतो. आता कुणाला सांगितलं तर वाटतं, म्हातारीला काहीतरी सुचतंय. पण गेलो होतो. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

माझं माहेर नगरचं. शाळेत होते तेव्हा आमची सहल जायची. सकाळी डबा घेऊन निघायचं, कुठंतरी झाडाखाली खायचं, हिंडायचं आणि संध्याकाळी घरी. सासर मिळालं ते कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं. तिथं एकदा शेंगा फोडताना मी सहज सहलीचं सांगितलं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, मग तिथं जाऊन करायचं काय? मी म्हणाले, काहीच नाही. जाऊबाईंना ते पटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, शहरातल्या पोरींना कामं नसतात. बोलणं तिथंच संपलं असं मला वाटलं.

आत्याबाईंनी मात्र ते धरून ठेवलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांना सोनईला दिलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि सासरच्यांनी ट्रंक हातात देऊन माहेरी पाठवलं. तेव्हापासून त्या भावाच्या घरी होत्या. घरात त्यांना कुणी वाईट बोलत नसे, हे मला सांगितलंच पाहिजे. पण बोलायला कुणाला जागाच त्यांनी ठेवली नव्हती. पहाटेच्या पहिल्या भाकरीपासून गोठ्याच्या शेवटच्या झाडलोटीपर्यंत त्यांचे हात चालूच असत. चारचौघांत नुसतं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाहुणे आले तरी त्या मांडीवर सूप घेऊन बसत, निवडायला काही नसलं तरी.

तर या आत्याबाई संक्रांत झाल्यावर एका संध्याकाळी सासऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की आम्हाला एक दिवस सहलीला जायचंय. सासरे आधी हसले. मग म्हणाले, शिंगणापूरला जाऊन या, बैलगाडी जुंपून देतो. देवाला जायला त्यांची ना नसायचीच. आत्याबाई म्हणाल्या, देवाला नाही, देवापुढंही हात जोडून उभंच राहावं लागतं. सासरे चिडले. घरात एवढी कामं पडलीत आणि या वयात हे कसले थेर, असं बरंच बोलले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"दादा, बैलाच्या मानंवर पोळ्याला जू ठेवत न्हाई आपन. मला माझा एक दिस पायजे. त्या दिशी माझ्या हाताला काम नको."

पोळ्याला बैल बसून खातात आणि त्यांचं पुरण पाट्यावर आम्ही वाटतो, हे सासऱ्यांना ठाऊक असणारच. त्यांनी एवढंच विचारलं, जाणार कशानं? आत्याबाईंनी तेही ठरवून ठेवलं होतं.

आमच्या रानाच्या कडेनं कारखान्याची छोटी गाडी जायची. इंग्रजांच्या काळात टाकलेले अरुंद रूळ, त्यावर खेळण्यातलं वाटावं असं एक ठेंगणं इंजिन आणि मागं उसाच्या उघड्या लोखंडी ट्रॉल्या. सकाळी ती रिकामी नदीकडं जायची आणि संध्याकाळी ऊस भरून परतायची. ज्याचा ऊस तिच्यावर जायचा त्याच्या घरच्यांना ड्रायव्हर कधीमधी बसू द्यायचा. रूळ संपायचे तिथून नदी जवळ, आणि नदीत एक बेट होतं. हल्ली अशा गाड्यांना लोक वारसा म्हणतात, तिकीट काढून बसतात, फोटो काढतात. आम्ही पाचटावर गोणपाट टाकून बसलो होतो आणि डोळ्यांत कोळशाचे कण जात होते.

सासूबाई आणि जाऊबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आत्याबाई एकट्या जाणार म्हटल्यावर सासूबाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील, नणंदेला एकटी सोडली. खरं कारण मला वेगळं वाटतं, त्यांनाही बेट बघायचं होतं. निघायच्या दिवशी पहाटे आत्याबाई उठल्या, अंघोळ केली, धुवट लुगडं नेसल्या आणि चुलीकडं न जाता दारातल्या दगडावर जाऊन बसल्या. आत आम्ही तिघी घरच्या पुरुषांच्या आणि आमच्या भाकरी थापत होतो. जाऊबाईंनी दोनदा हाक मारली, पीठ संपलंय, कोठीतलं काढून द्या. आत्याबाई हलल्या नाहीत. सहल उंबऱ्यातूनच सुरू झालीय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गाडी इतकी हळू जायची, की रुळाकडेची पोरं तिच्याबरोबर चालत चालत आमच्याशी बोलत होती. दोन्हीकडं ऊस, मधूनच ज्वारी, कुठं कालव्याचं पाणी. कारखाना मागं पडला तरी मळीचा वास बराच वेळ येत राहिला. जाऊबाईंनी पहिल्यांदा भीतीनं माझा दंड धरला, मग सोडला आणि हसायला लागल्या. सासूबाई प्रत्येक रानाकडं बघून तिथल्या तणाला नावं ठेवत होत्या. आत्याबाई मात्र समोर बघत होत्या, आणि त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते.

उतरताना भाकरीची दुरडी माझ्या हातात आली. जड का लागली म्हणून फडकं उचललं तर भाकरींखाली सासूबाईंचा विळा. जाऊबाईंच्या कमरेलाही एक होता. मी दोघींकडं बघितलं. सासूबाईंना त्यात नवल काहीच वाटत नव्हतं. रानाकडं निघालेली बाई विळ्याशिवाय निघतेच कशी, असा त्यांचा चेहरा. शिवाय त्यांनी जुन्या धडप्याची चुंबळही करून आणली होती. सहलीला डोक्यावर ठेवायची चुंबळ! नगरच्या आमच्या बाईंना हे सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

नावाड्यानं पलीकडं सोडलं. बेट फार मोठं नव्हतं. वाळू, बाभळी, मधोमध एक पडकं देऊळ आणि सगळीकडून पाणी. मी खूप खूश झाले. वाळूत पाय घालून बसले. आत्याबाई पाण्याच्या काठाला एका जागी बसल्या, पाय लांब केले. बसल्या त्या बसल्याच. आम्ही भाकरी, ठेचा, तिळाची पोळी खाल्ली. आत्याबाईंनी वाढायलाही हात पुढं केला नाही. मी वाढलं, त्यांनी खाल्लं.

खाऊन झालं आणि सासूबाई उठल्या. आजूबाजूला वाळलेल्या बाभळीच्या फांद्या नुसत्या पडल्या होत्या, विचारणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं सरपणाची नेहमी ओढाताण. सासूबाईंच्या जिवाला ते बघवेना. आधी एक फांदी ओढली, मग दुसरी. जाऊबाईंनी विळा काढला. थोड्या वेळानं मीही उठले, कारण सासू काटक्या गोळा करतेय आणि नवी सून पाय पसरून बसलीय, हे माझ्याच्यानं होईना. शाळेतली सहल तिथं संपली. तिघी वाकून फांद्या तोडायला लागलो, हातात काटे घुसले, पाठ भरून आली. मला खरंच राग आला, तो सासूबाईंचा नाही तर आत्याबाईंचा. हे सगळं त्यांनी काढलं आणि आता आम्ही राबतोय, त्या बसल्यात.

सासूबाईंना माझ्याहून जास्त राग आला होता. मोळी बांधता बांधता त्या आत्याबाईंपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, उठा की आता. रिकाम्या हातानं दारात उभं ऱ्हाताना लाज न्हाई वाटायची?"

आत्याबाईंनी वर बघितलं. आवाज चढवला नाही.

"त्या लाजंपायीच इतकी वर्सं उभी हाय, वैनी. आज बसू द्या."

मी हातातली फांदी तशीच धरून उभी राहिले. सासूबाईंचं तोंड पडलं. त्या परत वळल्या आणि बांधलेली मोळी सोडून पुन्हा बांधली, आणखी आवळून. आत्याबाईंना ते बसणं सोपं जात होतं असं मात्र समजू नका. मी मधूनमधून बघत होते. त्यांचा हात आपोआप वाळूतल्या काटकीकडं जायचा, त्या तो ओढून घ्यायच्या आणि पदराखाली दाबून धरायच्या. पाठ ताठ, जबडा घट्ट. एवढं कष्टाचं बसणं मी नंतर कुणाचं पाहिलं नाही.

ऊन कललं आणि पलीकडून इंजिनाची शिट्टी आली. ट्रॉल्या भरत आल्याची ती खूण. नावाडी आला. आमच्या तीन मोळ्या बघून म्हणाला, एका खेपेत एक तर बाया जातील, नाहीतर मोळ्या. दोन खेपा करायच्या तर गाडी चुकणार, आणि गाडी चुकली तर रात्र तिथंच काढायची, पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत. हे ऐकायच्या आधीच आत्याबाई नावेत जाऊन बसल्या होत्या. मी माझी मोळी टाकून दिली, मला त्यात फारसं दुःख झालं नाही. जाऊबाईंनी टाकताना एक जाड ओंडका काखेत मारला तो मारलाच.

सासूबाईंची मोळी डोक्यावर चुंबळीवर होती. त्या काठावर उभ्या, पाणी पायाला लागतंय आणि डोक्यावर दिवसभराचे कष्ट. आत्याबाईंना टोमणा मारायची संधी होती, त्यांनी मारला नाही. शेवटी सासूबाईंनी मोळी उतरवली, बाभळीला नीट टेकून ठेवली, उद्या न्यायला येणार असल्यासारखी, आणि नावेत आल्या.

येताना ड्रायव्हरनं शेवटची ट्रॉली आमच्यासाठी मोकळी ठेवली होती. पुढं उसाचे भारे हलत होते. सासूबाईंना आपल्या हातांचं काय करावं हे कळत नव्हतं. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग काखेत घातले, मग एकमेकांत गुंतवले. शेवटी सोडून दिले. आत्याबाई शेजारीच होत्या. दोघींचे खांदे गाडीच्या हेलकाव्यानं एकमेकींना लागत होते आणि कुणीच सरकून बसलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सासरे ओट्यावर बाजेवर बसले होते, चहावाचून ताटकळलेले. आमच्याकडं रानातून येणारं माणूस काही ना काही घेऊन यायचं, पाटीभर चारा, मूठभर भाजी, निदान गोवऱ्या. त्यांनी आमच्या हातांकडं बघितलं आणि विचारलं, काही आणलं नाही का? जाऊबाई ओंडका घेऊन परसाकडं सटकल्या. सासूबाई खाली मान घालून उभ्या.

आत्याबाई रोज मागच्या दारानं थेट चुलीपाशी जायच्या. त्या दिवशी त्या पुढून आल्या आणि ओट्यावर, भावासमोर, पाय सोडून बसल्या.

आमच्या घरात गावाहून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा द्यायची रीत. मग तो कोणी का असेना, अगदी पावसात अडकलेला वाटसरूही. सासूबाईंनी मला पुढं कधीतरी सांगितलं, की आत्याबाई ट्रंक घेऊन माहेरी परत आल्या त्या संध्याकाळी त्यांना पाणी विचारायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. रडारड चालली होती. आणि आत्याबाई ट्रंक कोपऱ्यात ठेवून, कुणी काही म्हणायच्या आत, खरकटी भांडी घासायला बसल्या होत्या.

"वैनी, पानी द्या," आत्याबाई म्हणाल्या. "गावाहून आलेय मी."

सासूबाईंनी पदर सावरला. मग आत गेल्या. तांब्या आणला, वर वाटीत गूळ. दोन्ही हातांनी पुढं केला. आत्याबाईंनी गूळ तोंडात टाकला आणि वरून घटाघटा पाणी प्यायल्या. रिकामा तांब्या त्यांनी खाली ठेवला, विसळायला उठल्या नाहीत. सासरे बघत होते. त्यांनी चहाचं नाव काढलं नाही.

सासूबाई आत वळल्या, थांबल्या, आणि आत्याबाईंच्या शेजारी ओट्यावर बसल्या. नवऱ्यासमोर त्यांना तसं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. बसून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मलाबी आन," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. चूल सकाळपासून थंड होती, ती तशीच राहू दिली आणि अंधारात आधी गुळाचा डबा शोधला.