सहीसाठी गेलेली चाळीस मिनिटं

उमरग्यात हायवेलगत माझा छोटा दवाखाना आहे. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातून दोन भाऊ आपल्या आईला जीपमध्ये घालून घेऊन आले. साठीची बाई, घामानं चिंब, हात जबड्यावर. पित्त खवळलंय म्हणून घरी तिला सोडा पाजला होता. मी लगेच ईसीजी काढला. कागदावर हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती.

ॲस्पिरिन चावायला दिली. पुढचं औषध म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते जितकं लवकर द्यावं तितकं हृदय वाचतं, आणि अँजिओप्लास्टीसाठी सोलापूर गाठेपर्यंत वेळ हातातून गेला असता. पण या औषधानं क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून ते समजावून सही घ्यावी लागते. मी समजावलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. थोरल्या भावाला विचारल्याशिवाय सही करता येणार नाही, म्हणाले. थोरला ट्रक घेऊन हैदराबादकडं गेलेला, फोन लागेना.

ते काही वाईट नव्हते. बरंवाईट झालं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं त्यांना. मला हे कळत होतं, तरी संताप येत होता. आत जाऊन बीपी बघायचं, बाहेर येऊन त्यांना विनवायचं, परत आत. एकदा माझा आवाजही चढला. मग त्यांनी मामाला फोन लावला. मामानं चुलत्यावर ढकललं, चुलता म्हणाला थोरल्याला विचारा. मॉनिटरवर मधूनच एखादा वेडावाकडा ठोका यायचा आणि सिस्टर माझ्या तोंडाकडं बघायची. शॉक द्यायचं मशीन आम्ही खाटेजवळ ओढून ठेवलं. ही बाई माझ्यासमोर जाणार, असं मला वाटायला लागलं होतं.

चौथ्यांदा की पाचव्यांदा बीपीचा पट्टा बांधताना तिनं माझं मनगट धरलं.

"सुई कुणाला टोचायची हाय, बाई?"

"तुम्हाला, मावशी."

"मंग मला इचारा की."

मी स्टुलावर बसले. तिला सगळं सांगितलं, रक्तस्रावाचंही. सुई नाही घेतली तर काय, एवढंच तिनं विचारलं. तेही सांगितलं. तिनं कागद मागितला आणि पडल्यापडल्या, एकेक अक्षर जुळवत सही केली.

तासाभरात कळ उतरली, ईसीजीही बराच सुधारला. संध्याकाळी तिला सोलापूरला पाठवलं. आज ती आहे. पण थोडं चाललं की दम लागतो. हृदयाचा जो भाग गेला तो गेला.

असल्या वेळी नातेवाइकांना दोष देणं सोपं असतं, आणि मी तो वर्षानुवर्षं देत आले. पण ती पूर्ण शुद्धीवर होती, मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती. कळ कुठं आहे, कधीपासून आहे, शुगर आहे का, सगळं मी तिलाच विचारलं होतं. आणि सही मागायला मात्र चाळीस मिनिटं तिच्या खाटेला वळसा घालून बाहेर जात राहिले.