रविवारी खोलतो

"रविवारी खोलतो ना!" असं म्हणत भाऊ गाडीच्या बॉनेटवर दोन थापा मारायचे, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. एवढं केलं की त्यांच्यापुरती सर्विसिंग झाली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल बघा. आमचा माजरीत होता, आमच्या भिंतीला भिंत लावून. कोळसा खाणीच्या वर्कशॉपातला जुना फोरमन. डंपर दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला. नोकरीत असताना काय दरारा होता! सर्विसिंग चुकलेला डंपर भाऊ जागचा हलू देत नसत. एकदा तर खुद्द मॅनेजरची जीप अडवली. "साहेब, सर्विसिंग नाई त गाडी नाई. पायी जा." आणि साहेब गेला पायी! ही गोष्ट आम्ही नको तितक्या वेळा ऐकली. दर वेळी साहेब थोडा आणखी लांब चालायचा.

रिटायर झाल्यावर त्यांनी कार घेतली. शांतासाठी घेतली, हेही खरं. शांता म्हणजे त्यांची बायको, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला छातीचा त्रास, एसटीचे धक्के सोसायचे नाहीत. पहिल्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती गाडीतून विहारात गेली. मलाही ओढून शेजारी बसवलं होतं.

सुरुवातीला गाडी भाऊ स्वतः खोलायचे आणि झकास खोलायचे. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात थरथरायला लागले. पाना नटावर बसेना. पण म्हणून गाडी दुसऱ्याकडे न्यायची? छे! "त्या गॅरेजातल्या पोट्ट्यायले काय समजते? माह्या गाडीले दुसऱ्याचा पाना नाई लागला पायजे."

तरी दर रविवारी थाट व्हायचा. अंगणात पोतं अंथरायचं, पाने ओळीनं मांडायचे, बॉनेट उघडून आत बघत राहायचं. कोळशाची धूळ फडक्यानं पुसायची. चहा प्यायचा. पाने परत डब्यात, बॉनेट बंद, आणि उरलेलं पुढच्या रविवारी. शांता दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. "झालं बापा ऑपरेशन," असं मला हळूच म्हणायची. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, भद्रावतीले चांगला मिस्त्री हाये. दाखवून आना ना एकदा. काऊन हट्ट करता?" त्यावर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शांताच्या हातून आमच्याकडे येणारी भाजीची वाटीसुद्धा त्या दिवसांत जरा लपूनच यायची.

मग तो मे महिना आला. आमच्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको, लोखंडाला हात लावला तर फोड येतो. भर दुपारी शांताच्या छातीत कळ आली. घामानं निथळत होती. मी खाणीच्या ॲम्ब्युलन्सला फोन लावायला गेले, तर भाऊ खेकसले, "ॲम्ब्युलन्स काऊन? दारात गाडी हाये ना!" शांताचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले, आणि भद्रावतीच्या दवाखान्याकडे निघालो.

भद्रावती यायच्या आधीच बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी थांबली. दोन्ही बाजूंना खाणीतल्या मातीचे ढिगारे, सावलीला एक झाड नाही. रेडिएटरचा रबरी पाइप फुटला होता. जुना, तडे गेलेला. कोणत्याही सर्विसिंगमध्ये मिस्त्रीनं बघताक्षणी बदलला असता.

"होते, होते. दोन मिनटं," भाऊ त्या वाफेत हात घालत म्हणत होते.

तेवढ्यात मागून प्रवाशांनी भरलेली एक काळीपिवळी जीप आली. आतली माणसं कोणी न सांगता खाली उतरली, लेकरंबाळं घेऊन, त्या उन्हात. ड्रायव्हरनं आणि मी शांताला उचलून आत निजवलं. मी ओरडले, "चाला ना भाऊ! बसा!"

भाऊंनी शांताकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. "तुमी व्हा समोर. गाडी अशी रस्त्यावर टाकून कसा येऊ? एवढं लावतो, आन् आलोच मांगून."

शांतानं ते ऐकलं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "आले काय ते?"

"येऊन राह्यले," मी म्हटलं.

दवाखान्याच्या दारातच ती गेली.

भाऊ आले तेव्हा उन्हं कलली होती. हात कोपरापर्यंत काळे, बोटं भाजलेली, आणि चेहऱ्यावर तो जुना फोरमन. "झाली चालू, बाई! तार बांधून पाइप लावला. कुठी हाये ती?" पुन्हा बंद पडू नये म्हणून फाटकाशी इंजिन चालूच ठेवलं होतं. त्या माणसाचं नरडं धरावं असं मला वाटलं. त्याच्या भाजलेल्या बोटांवर फुंकर घालावी असंही वाटलं. मी नुसतं आत बोट दाखवलं.

त्यानंतर भाऊ सुधारले. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. गाडी वेळच्या वेळी भद्रावतीच्या मिस्त्रीकडे जाऊ लागली. ऑइल, फिल्टर, ब्रेक, पाइप, कशात कसूर नाही. स्वतःचे पाने भंगारवाल्याला देऊन टाकले. बाजारात मी दिसले की गाडी थांबवायचे, काच खाली करायचे. "बसा ना बाई, घरी सोडतो. आता नाई पडत बंद."

"पायीच बरी मी, भाऊ."

मग ते काच वर करून पुढे जायचे. मागची सीट रिकामी. मी तिच्यावर पुन्हा कधी बसले नाही.

यंदा हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला. जलदान विधी आटोपल्यावर त्यानं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक अंगणात उभं होतं, बॉनेट उघडून बघत होतं. मुलानं मला भिंतीवरून हाक मारली, "काकू, तुम्ही तर रोज बघायच्या. सांगा ना यांना, बाबांनी गाडी कशी ठेवली होती?"

"एकदम फिट हाये," मी म्हटलं. "तुही माय गेल्यापासून एकबी सर्विसिंग चुकली नाई."