उजवीकडची पंगत

आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात मयूर माहितीपुस्तिका लिहायचा. हाऊसिंग सोसायट्यांचं आमचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, ते सांगणारी. इतक्या वर्षांत ती एका माणसाने वाचली असेल तर शपथ. लोक सरळ फोन करायचे. मयूर सगळं समजावायचा आणि शेवटी विचारायचा, "साइटवर लिहिलंय, वाचलंत का?"

"नाही रे बाबा, तूच सांग."

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा बघवत नसे.

तरी गडी हट्टी. त्याने पुस्तिकेची साइट थेट गिट नावाच्या प्रोग्रॅमला जोडली. कोणी कधी काय बदललं, ते गिट जपून ठेवतं. मयूरने फोल्डरमध्ये एक शब्द बदलला की साइटवर नवं पान आपोआप तयार. वाचायला मात्र काळं कुत्रं नाही.

मग निशाशी त्याचं लग्न ठरलं. मयूरचं शीळफाट्याजवळचं आगरी घर, म्हणजे लग्नाहून हळद मोठी. काकालोक रोज बेत बदलायचे आणि 'मी नाय बदलला' म्हणून भांडायचे. वैतागून मयूरने हळदीचा बेतही गिटमध्ये टाकला. तोही चुकून साइटच्याच फोल्डरमध्ये! 'सर्वांनी सहकुटुंब यावे. शाकाहारी पंगत उजवीकडे.' पान साइटवर झळकलं.

मी ओरडलो, "अरे, काढ ते!"

"राहू दे रे. वाचतंय कोण?"

ते इतकं खरं होतं की मलाच वाईट वाटलं.

हळदीला डीजे दणाणत होता, मयूर पिवळाधमक. गर्दीतून कडक इस्त्रीचा सदरा घातलेले एक आजोबा पुढे आले. डोंबिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, त्र्यंबककाका.

"आपली पुस्तिका मी संपूर्ण वाचली. दोनदा."

मयूरने हात करून डीजेच बंद करवला. "परत बोला ना, काका."

"वाचली. उत्तम आहे. फक्त एक चूक आहे. शाकाहारी पंगत उजवीकडे लिहिली आहे, इथे ती डावीकडे मांडली आहे."

मयूरचे देवरामकाका खेकसले, "आरं, मंग त्ये पान बदल ना!"

मी फोन पुढे केला. मयूरने तो बाजूला सारला.

"नाय काका. आता वाचलंय त्यांनी."

आणि टेबलं, खुर्च्या, वरणाची पातेली, सगळं नवरदेवाने स्वतः हात लावून उजवीकडे नेलं. त्र्यंबककाका मोबाइलवर ते पान उघडून पडताळत उभे. शेवटचं टेबल टेकलं तेव्हा ते म्हणाले, "आता बरोबर."

मयूर ढसाढसा रडला. पाहुण्यांना वाटलं, निशाची आठवण आली.